कामाच्या दिवशी काळं कोण घालतं?

ऑक्टोबरातल्या लाँग वीकएंडला न्यू इंग्लंडची रंगीत पानं बघायला जायचं, हे आमच्या घरी दर वर्षी ठरतं आणि दर वर्षी कॅन्सल होतं. कधी सुधीरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात रिलीज असतं, कधी माझ्या. एकदा तर बॅगा गाडीत भरून झाल्यावर लेकीला ताप भरला. यंदा गेलो एकदाचे. पण खरं सांगायचं तर पानं हे नुसतं निमित्त होतं. कारण होता एक काळा झगा.

माझी लेक ऋचा चौथीत आहे. त्यांना सध्या शाळेत प्युरिटन लोक शिकवतायत, म्हणजे साडेतीनशेच्या वर वर्षांपूर्वी धर्माच्या कारणावरून इंग्लंड सोडून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला येऊन राहिलेली मंडळी. सुट्टीनंतरच्या मंगळवारी प्रत्येकानं त्यांच्यासारखे कपडे घालून यायचं आणि ते लोक रोज काय घालत, का घालत, हे वर्गापुढे सांगायचं, असा कार्यक्रम होता. ऋचानं इंटरनेटवरून एक चित्र छापून आणलं. काळा झगा, भलीमोठी पांढरी कॉलर, उंच काळी टोपी आणि टोपीवर चकचकीत बक्कल. अर्ध्या वर्गानं पार्टीच्या सामानाच्या दुकानातून असा तयार सेट आणला होता. मीही आणणारच होते, तर अण्णा म्हणाले, "विकत? घरात शिंपी असताना?"

अण्णा म्हणजे माझे वडील. कराडला त्यांचं शिवणाचं दुकान होतं आणि चाळीस वर्षं त्यांनी मुख्यतः एकच गोष्ट शिवली, शाळेचे गणवेश. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या खाकी चड्ड्या आणि निळे पिनाफोर घालून शिकल्या. मे महिन्यात आमच्या घरात पाट मांडायला जागा नसायची, जिकडेतिकडे चड्ड्यांचे ढीग. दोन वर्षांपूर्वी शाळांनी तयार गणवेश मागवायला सुरुवात केली आणि अण्णांनी शटर ओढलं. आई त्याच्या आधीच गेली होती. या जुलैत मी त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला घेऊन आले.

सप्टेंबरपर्यंत ते पार कंटाळले. खिडकीशी बसून पार्किंग लॉट बघायचे. "इथं माणसं दिसत न्हाईत गं, नुसत्या गाड्या." मग एक दिवस म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं करून घे, माधे. हाताला काम नसलं की दिवस जात न्हाई." मी आज करते, उद्या करते म्हणत टाळत राहिले. शेवटी कबूल केलं, की ही सुट्टी होऊ दे, मंगळवारी एअरलाइनला फोन लावते. तो फोन नंबर त्यांनी स्वतः मोठ्या आकड्यांत लिहून फ्रिजवर चिकटवला.

आणि तेवढ्यात हा झगा आला. गॅरेज सेलमधून आणून कपाटात ठेवून दिलेलं माझं मशीन अण्णांनी बाहेर काढलं, तेल घातलं, पट्टा घट्ट केला. चित्र नाकाशी धरून बघितलं. "हा तर युनिफॉर्मच की. यात काय अवघड?" शेजारच्या एडिसन गावातल्या दुकानातून काळं गॅबर्डिन आणलं आणि दोन दिवस त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. लहानपणी मला काही अवघड मागायचं असलं, सहलीला जायचंय, मैत्रिणीकडे राहायचंय, तर मी अण्णांच्या तोंडात टाचण्या असतानाच मागायची. बोलता येत नसल्यामुळे ते मानेनं फक्त हो किंवा नाही म्हणू शकायचे आणि माझं भाषण वाचायचं. बहुतेकदा हो यायचं. तसे अण्णा इतक्या वर्षांनी परत दिसले आणि मला जे काय वाटलं ते इथे लिहीत बसत नाही. झगा सुरेख झाला. चुण्या मोजून बसवलेल्या, पुढे चुणीत लपवलेली झिप, कॉलर खळीनं ताठ, आणि "पुढच्या वर्षी पण आला पायजे" म्हणून घोळाला दोन इंच माया दुमडलेली. पुठ्ठ्याची टोपी आणि तिचं चांदीच्या कागदाचं बक्कल नात-आजोबांनी मिळून केलं.

मग मला अक्कल सुचली. बॉस्टनच्या उत्तरेला तासाभरावर त्या काळची एक वस्ती जशीच्या तशी उभी केली आहे, तिथे माणसं तसेच कपडे घालून, तसंच बोलत वावरतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. म्हटलं, ऋचाला झगा घालून तिथे न्यावं, प्युरिटनांमध्ये उभं करून फोटो काढावा, आणि अण्णांना आपलं काम शोभून दिसताना दाखवावं. मंगळवारचा फोन मग कोण लावतंय? ही आयडिया संपूर्ण माझी होती, सुधीरचा त्यात काही दोष नाही, हे आधीच नोंदवते.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते: न्यू जर्सीतून निघताना न्यूयॉर्क शहर टाळायचं. २८७ नंबरच्या हायवेनं वर जाऊन टॅपन झीचा पूल ओलांडायचा, मग ६८४ आणि ८४ धरायचा. ८४ कनेक्टिकटमधून जातो आणि पानं बघायला वेगळं कुठे थांबावं लागत नाही, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीच. एरवी पाच तासांचा रस्ता लाँग वीकएंडला सात तास खातो, तेव्हा खाण्याची सोय बरोबर ठेवा. आमच्याकडे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा होता. रेस्ट एरियातल्या बाकावर बसून चहा पिताना अण्णा समोरच्या लालभडक मेपलकडे बराच वेळ बघत होते.

"काय अण्णा, आवडलं?" सुधीरनं विचारलं.

"रंग झकास हाय. पण पहिल्या धुण्यात जाणार," अण्णा म्हणाले.

मोटेल हायवेलगतचं होतं, साधं पण स्वच्छ. ऑक्टोबरात त्या भागात खोल्यांचे दर दीडपटीला जातात, म्हणून महिनाभर आधी बुकिंग करावं. खोलीत मायक्रोवेव्ह आहे का ते आवर्जून विचारा. आम्ही त्यात खिचडी केली आणि नऊला सगळे आडवे झालो.

रविवारी सकाळी झगा चढवून, टोपी घालून ऋचा तयार झाली. मोटेलच्या लॉबीत दोन बायकांनी "ओ, हाऊ क्यूट!" केलं. अण्णांना इंग्रजी फारसं येत नाही, पण एवढं कळलं. त्यांनी जाताजाता कॉलरची एक बाजू उगाचच सरळ केली.

गावात शिरायला मोठ्यांचं तिकीट बारा डॉलर, मुलांचं निम्मं. पार्किंग फुकट. बूट जुने घाला, कारण आत चिखल आहे, आणि तोही जपून ठेवल्यासारखा. लाकडाची बुटकी घरं, गवताचं छप्पर, चुलींचा धूर, दोन-चार कोंबड्या. कॅलेंडरनुसार रविवार होता, पण त्या गावात रोज कामाचाच दिवस असतो. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि माणसं बघितली.

एकानेही काळं घातलं नव्हतं.

लाकडं फोडणाऱ्या माणसाचा अंगरखा विटकरी होता, गुडघ्यापर्यंतची विजार शेवाळी आणि डोक्याला लाल विणलेली टोपी. पाणी भरणारी मुलगी पिवळट करड्या रंगात होती. एक म्हातारबुवा चक्क जांभळट. आणि या सगळ्या मंडळींच्या मधोमध आमची ऋचा, पायापासून डोक्यापर्यंत काळी, डोक्यावर चमचमतं बक्कल.

एका घराच्या उंबऱ्यावर एक बाई पांढरा शर्ट शिवत बसली होती. चाळिशीची असेल. लालसर घेरदार परकर, वर अंगाला बेताचं बसणारं हिरवं जाकीट, पुढे निळा एप्रन, केस पांढऱ्या लिननच्या टोपीत बांधलेले. तिनं नाव सांगितलं, गुडवाइफ मार्था. गुडवाइफ म्हणजे आपल्याकडे काकू म्हणतात तसं, म्हणून आम्ही तिला लगेच मार्थाकाकू करून टाकलं. ही माणसं आपली भूमिका काही केल्या सोडत नाहीत. सुधीरनं फोटो काढू का विचारलं, तर म्हणाली, "तो काय असतो बाबा?"

मग तिनं ऋचाला खालपासून वर न्याहाळलं. "काय गं मुली, तुझे वडील मोठे व्यापारी आहेत का? की धर्मोपदेशक? कामाच्या दिवशी काळं कोण घालतं?"

ऋचानं माझ्याकडे बघितलं. अण्णांनीही बघितलं. "काय म्हणतीया?"

"म्हणतायत, झगा छान बसलाय," मी म्हटलं.

मार्थाकाकू बोलतच होती. काळा रंग म्हणे फार महागाचा. कापड पुन्हा पुन्हा बुडवावं लागतं तेव्हा कुठे काळं होतं, आणि तरी उन्हानं विटतं. तसले कपडे खाशा दिवशी, ज्यांची ऐपत आहे त्यांनी घालायचे. ऐपत नसताना कुणी लेस नाहीतर जरतार लावली तर पंच दंडसुद्धा करतात. आम्ही आपले मुळ्यांच्या, पानांच्या, सालींच्या रंगातले. "आणि टोपीला ते धातूचं काय लावलंय? पट्टा कमरेला असतो ना?"

ऋचानं टोपी काढून काखेत धरली.

"काय म्हणतीया?" अण्णांनी परत विचारलं.

"कापड चांगलं आहे म्हणतायत."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, पण मला शाळेत खोटं बोलताना पकडल्यासारखं झालं. "माधे, चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांची तोंडं बघितल्यात. कापड चांगलं असलं की बाई हात लावून बघती. ही लांबनं बघतीया. चुकलंय, एवढं मला फाटकातच कळलं. सगळ्या गावात काळं आपलं एकटीचंच. काय चुकलंय तेवढं तू सांग."

मग मी सगळं सांगितलं.  अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे मी गरिबाच्या पोरीला पाटलाचा पोशाख शिवला." आणि मार्थाकाकूच्या शेजारी उंबऱ्यावर बसकण मारली.

त्यानंतरचा पाऊण तास मी कधी विसरणार नाही. शिंप्याच्या मराठीत अर्धे शब्द इंग्रजीच असतात, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कॉलर, कफ, लायनिंग, प्लीट, हूक. अण्णा बोट ठेवून एक शब्द म्हणायचे, काकू मान हलवायची किंवा "नो, नो" म्हणून उलटून दाखवायची. माझी गरज क्वचितच पडली. बायकांच्या जाकिटाला बटणं नाहीत, टाचण्यांनी लावतात, हे कळल्यावर अण्णा खूश झाले. काकूच्या बाहीवर टाचण्यांची रांगच खोवलेली होती. आत गुडघ्यापर्यंतचा लिननचा झगा, तोच रात्रीचा आणि तोच दिवसाचा, घाम पितो तो आणि धुतला जातो तोच. वरचं लोकरी कापड सहसा धूत नाहीत, झटकतात नि ठिगळ लावतात. मुलगा पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत त्यालाही झगाच. "आपल्याकडं झबलं, इथं झगा, येवढाच फरक," अण्णा म्हणाले.

काकूनं लाकडं फोडणाऱ्या नवऱ्याला हाक मारली. त्याच्या अंगरख्याला कमरेशी भोकं होती आणि विजार त्या भोकांतून नाड्यांनी वर बांधलेली. बाह्यासुद्धा खांद्याशी नाड्यांनीच. अण्णा उठून त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. "ही तर बाराबंदी! माझ्या आजाला शिवायचो मी. नाडी बांधली की झालं, माणूस जाडा हो नाहीतर बारीक हो." तो बिचारा प्युरिटन कुऱ्हाड हातात घेऊन हसत उभा होता.

आणि शेवटी तो शर्ट. काकूनं मांडीवर पसरून दाखवला. एकही वळण नाही, सगळे चौकोन. लांब चौकोन अंगाचे, आखूड बाह्यांचे, आणि काखेत एक छोटा चौकोन तिरका बसवलेला, म्हणजे हात वर केला तरी शिवण फाटत नाही. अण्णांनी त्या छोट्या चौकोनावरून अंगठा फिरवला. "एक चिंधी वाया न्हाई," ते म्हणाले. "आम्ही गोल कापतो नि निम्मं केरात टाकतो." काकूनं सुई त्यांच्या हातात दिली. अण्णांनी चष्मा वर केला आणि काठ दुमडून चारेक इंच हेम घातली. काकूनं ती आपल्या हेमेशेजारी धरून बघितली. मग कापडाला हात लावून बघितलं.

"याला इथेच ठेवून घ्या," ती म्हणाली. हे मी शब्दशः भाषांतर केलं.

निघताना तिनं आम्ही कुठले ते विचारलं. हिंदुस्थान म्हटल्यावर आपला एप्रन उचलून म्हणाली, "मग ही नीळ तुमच्याकडूनच जहाजातून येते म्हणतात." अण्णांनी तो निळा रंग अगदी जवळून बघितला. ऋचाचं मात्र दुसरंच चाललं होतं. काकूच्या परकराला बाजूला एक चीर होती, तिच्यात हात घातला की आत कमरेला बांधलेली वेगळी पिशवी. हाच तिचा खिसा. कात्री, अंगुस्तान, सुकं सफरचंद, सगळं आत, बाहेरून काही दिसत नाही. ऋचानं तीनदा हात घालून बघितला.

दुपारी समुद्रावर गेलो. लॉबस्टर खाणाऱ्यांना त्या किनाऱ्यावर स्वर्ग आहे. आम्ही बटाट्याच्या फ्राइजवर भागवलं. वारा बोचरा होता, पण अण्णा खुशीत होते. वाळूत काडीनं चौकोन काढत होते. "उद्या घरी पोचलो की बसतो. तपकिरी परकर, हिरवी चोळी. मंगळवारपर्यंत सहज होतंय. चुकीचा माल मी कधी दुकानाबाहेर जाऊ दिला न्हाई."

मी ऋचाला सांगितलं. तिचा चेहरा पडला. "नो, मॉम! एव्हरीवन विल बी इन ब्लॅक. मी एकटीच वेगळी दिसणार. आय डोन्ट वॉन्ट टू बी द ओन्ली वन. प्लीज!"

तिचं मला कळत होतं. गेल्या वर्षी डब्यातली भरली वांगी बघून कुणीतरी नाक धरलं होतं, तेव्हापासून तिच्या डब्यात फक्त सँडविच जातं.

"काय म्हणाली?" अण्णांनी विचारलं.

काहीतरी गोड सांगून टाकावं असं फार वाटलं. पण सकाळचा उंबरा आठवला आणि खरं ते सांगितलं.

अण्णांनी काडी टाकून दिली. "बरोबर हाय तिचं. एकसारखं दिसलं की पोरांना धीर येतो. म्हणून तर चाळीस वर्षं माझं घर चाललं." वाळूतले चौकोन पायानं पुसले. "गिऱ्हाइकाला नको ते शिवू न्हाई. असू दे." मग उठून पँटची वाळू झटकताना म्हणाले, "मंगळवारी फोन लावायचं तेवढं ध्यानात ठेव."

सोमवारी परतलो. सुधीर गाडी चालवताना म्हणत होता, "पाऊस येऊन राहिला," आणि स्टर्ब्रिजला आलाच. ओल्या पानांचा रंग आणखी गडद होतो, तेव्हा पाऊस पडला तर हिरमुसू नका. पण आमच्या गाडीत कुणी पानं बघत नव्हतं. अण्णा पुढच्या सीटवर डोळे मिटून. ऋचा मागे पुस्तकात डोकं घालून. हार्टफर्डच्या ट्रॅफिकमध्ये सुधीरनं दोन विनोद केले, तेही वाया गेले.

तीनला घरी पोचलो. अण्णांनी काळा झगा बॅगेतून काढला, इस्त्री केली, हँगरला लावला. मशीनवर कव्हर घातलं. मी चहा टाकत होते. तेवढ्यात ऋचा त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"आजोबा, तो सीक्रेट खिसा... तुम्हाला येतो?"

अण्णा वळले. "येतो की. पण आत बांधायला परकर लागतो. नुसता खिसा कशावर बांधणार?"

ऋचानं विचार केला. "परकर आत. वरून दिसणार नाही ना?"

"काळ्याच्या आत गेला की कोण बघतंय?"

मशीनचं कव्हर निघालं. माझा जुना विटकरी कुर्ता आडवा कापला गेला. मला विचारलंसुद्धा नाही. परकर झाला, त्याला चीर ठेवली, आत खिसा लटकला. मग ऋचाच म्हणाली, की काकूच्या पुढे एप्रन होता. निळ्या उशीच्या अभ्र्याचा एप्रन झाला. वर जुन्या चादरीचा पांढरा शर्ट, सगळे चौकोन, काखेत तिरका छोटा चौकोन. बटण नाही, नाडी. जेवणाच्या वेळेपर्यंत पोरगी आतून मार्थाकाकूची भाची झाली होती आणि वरून काळा झगा चढवला की पुन्हा वर्गातल्या इतरांसारखी. वर्गात ती यातलं काय दाखवणार आणि काय झाकणार, हे तिनं सांगितलं नाही आणि अण्णांनी विचारलं नाही.

आता ट्रिपचा हिशेब मांडायला बसले, तर पानांचे फोटो ढीगभर आहेत आणि सगळे एकसारखे दिसतात. जायचं असेल तर जरूर जा, रस्ता सोपा आहे, मुलांना आवडेल, गावात दोन तास पुरतात. शिवणकाम करणारं कुणी घरात असेल तर चार ठेवा. माझ्याजवळ उरलं ते दुसरंच. मी अण्णांना जपायला निघाले होते आणि जपायचं म्हणजे त्यांच्यापासून लपवायचं, असं मला वाटत होतं. आपण म्हाताऱ्या आईवडिलांना इकडे आणतो आणि इंग्रजी आपल्याला येतं म्हणून त्यांच्या वतीनं सगळं जगच गाळून देतो. त्यांना चूक पचते. बसून राहणं पचत नाही. एवढं कळायला मला पाचशे मैल गाडीत बसावं लागलं.

मंगळवारी मी लवकर घरी आले होते. अण्णा खिडकीशी बसून पार्किंग लॉटमध्ये शाळेची बस शोधत होते. फ्रिजवर फोन नंबर तसाच होता.

ऋचा धावत आली ती झगा हातात घेऊन. अंगावर विटकरी परकर, निळा एप्रन, केस सुटलेले. "आजोबा! सगळे ब्लॅकमध्ये होते. सगळे! आधी मी पण. मग माझा टर्न आला ना, मी म्हटलं, हा माझा संडेचा ड्रेस, बिकॉज माय फादर इज अ रिच मर्चंट. बाकीचे दिवस मी हे घालते. आणि झिप उघडली!" तिनं हवेतच झिप ओढून दाखवली. "एव्हरीवन वॉज लाइक, वॉव! मग टीचरनी विचारलं हे कुणी केलं, तर मी सांगितलं, माझे ग्रँडफादर टेलर आहेत."

मी हे सगळं अण्णांना सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी हातानं थांबवलं. त्यांना कळलं होतं.

मग ऋचानं खिशात हात घातला आणि एक चुरगळलेला कागद काढला. त्यावर चार वेगवेगळ्या अक्षरांत चार नावं होती. या मैत्रिणींना खिसा हवा होता. एकीनं नावापुढे लिहिलं होतं, ब्लू.

अण्णांनी चष्मा लावून कागद वाचला. मग टेबलावरचा टेप गळ्यात घातला, ऋचाला स्टुलावर उभं केलं, आणि तिच्या कमरेवरून माप घेऊन कागदाचा नमुना तिच्या परकराला टाचायला लागले. मी फ्रिजपाशी उभी होते.

"अण्णा," मी विचारलं, "एअरलाइनला फोन लावू ना?"

त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी वर बघितलं आणि मान हलवली. नाही.